शेतातलं वायरलेस सेन्सरजाळं आणि कर्नल क्रॅश: शेवटच्या ओळी कशा पकडायच्या, कशा वाचायच्या

ठिबकवरच्या मोसंबीत किंवा कापसात ओलावा मोजणारे सेन्सर बसवले की त्या सगळ्यांचा डेटा शेवटी एकाच ठिकाणी गोळा होतो: विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरशेजारी टांगलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. डब्यात बहुतेक वेळा रास्पबेरी पाय किंवा तसाच छोटा लिनक्स बोर्ड असतो, त्याला ८०२.१५.४ या मानकाचा कमी विजेवर चालणारा रेडिओ जोडलेला असतो. नोडकडून, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेल्या प्रत्येक डबीकडून, आलेली पॅकेट आयपीव्ही६ या इंटरनेटच्या पद्धतीवर पुढे सरकवणं हे त्याचं काम. हा बॉर्डर राउटर. तो थांबला की अख्ख्या शेताची माहिती थांबते.

मग फोन येतो, "डेटा येईना गेलाय." तिथे पोचलेला माणूस पहिलं काम काय करतो? प्लग काढतो आणि पुन्हा लावतो. बोर्ड सुरू होतो, सगळे खूश होतात, आणि क्रॅश कशामुळे झाला याचा एकमेव पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; त्याच्या क्रॅशचं कारण शोधण्यातली अर्धी लढाई त्याने लिहिलेल्या शेवटच्या ओळी हाताशी असण्याची आहे. म्हणून हा लेख दुरुस्तीच्या आधी पुराव्याबद्दल आहे, आणि त्या भागावर मुद्दाम जास्त थांबलो आहे.

कमांड, फाइल आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

हा खरंच कर्नल क्रॅश आहे का?

शेतातल्या बोर्डावर "कर्नल क्रॅश" म्हणून जे सांगितलं जातं, त्यात विजेचा मोठा वाटा असतो. आपल्याकडची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. शेतीची थ्री फेज लाईट ठरलेल्या वेळीच येते. बहुतेक स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, त्यामुळे लाईट आली की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी जवळपास एकदमच उठतात. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि नेमका त्याच क्षणी तुमचा बोर्डही बूट होत असतो. रास्पबेरी पायला ५ व्होल्ट लागतात. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो कमी व्होल्टेजची नोंद करतो. त्याच्याही खाली गेला तर बोर्ड एक ओळही न लिहिता रीसेट होतो. यात कर्नलचा काहीच दोष नसतो.

तपासायला व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड ही कमांड द्या. उत्तर ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० आलं तर या बूटनंतर कधीतरी व्होल्टेज कमी झालं होतं आणि प्रोसेसरचा वेगही उतरवला गेला होता. ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता, या क्षणीही तेच चालू आहे. ही नोंद रीबूटला पुसली जाते, म्हणून कर्नलच्या लॉगमध्येही "अंडरव्होल्टेज डिटेक्टेड" ही ओळ शोधा. आणि एक साधी गोष्ट नक्की करा: बोर्ड बंद पडल्याच्या वेळा आणि लाईट येण्या-जाण्याच्या वेळा एका वहीत शेजारी-शेजारी लिहा. दोन्ही जुळल्या तर पुढचे विभाग वाचण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी, चांगला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा कन्व्हर्टर आणि जाड, आखूड यूएसबी केबल लावा. स्टार्टरच्याच बोर्डातून अडॅप्टरला लाईन देऊ नका. कॉन्टॅक्टर सुटताना येणारा झटका थेट तुमच्या बोर्डापर्यंत पोचतो.

उष्णता दुसरी. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याच्या खोलीतल्या बंद डब्यात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पाय ८० अंशांपाशी वेग उतरवायला लागतो. डबा पत्र्यापासून खाली, भिंतीच्या सावलीत आणा आणि हवेला वाट ठेवा.

तिसरं एसडी कार्ड. लॉगमध्ये ईएक्सटी४ चे एरर किंवा एमएमसी टाइमआउट दिसत असतील तर कार्ड बदला आणि मगच पुढे जा.

चौथी गोष्ट नवीन मंडळींच्या लक्षात येत नाही. तुमचं जाळं थ्रेड किंवा झिगबी या पद्धतीचं असेल आणि रेडिओ यूएसबी डोंगलवर असेल, तर जाळ्याचा बराचसा कारभार कर्नलमध्ये नसतोच. तो एका साध्या प्रोग्राममध्ये चालतो. तो प्रोग्राम कोसळला की जाळं बंद पडतं, पण कर्नल ठणठणीत असतो. ओळखायची खूण सोपी: बोर्डात एसएसएचने (दुरून लॉगइन करून) शिरता येतं का, आणि अपटाइम (बोर्ड किती वेळ सलग चालू आहे तो आकडा) तुटला आहे का? अपटाइम चालूच असेल तर सिस्टिमसीटीएल स्टेटसमध्ये त्या सर्व्हिसकडे बघा.

हे सगळं वगळल्यावर जे उरतं ते तीन प्रकारचं असतं. पॅनिक, म्हणजे कर्नल स्वतः थांबला. हँग, म्हणजे तो जिवंत आहे पण हलत नाही. आणि ऊप्स, हा सगळ्यात फसवा. ऊप्समध्ये कर्नलचा एक धागा मरतो आणि बाकी मशीन चालू राहतं. एसएसएच लागतं, घड्याळ चालतं, पण डब्ल्यूपॅन० ला, म्हणजे रेडिओच्या इंटरफेसला, हात लावणारी प्रत्येक कमांड अडकून बसते, कारण मेलेल्या धाग्याने घेतलेलं कुलूप कोणी सोडलेलंच नसतं. "मशीन चालू आहे पण रेडिओ मेला" अशी तक्रार असेल तर रीस्टार्टच्या आधी डीमेसेज (कर्नलचा लॉग) एका फाइलमध्ये उतरवून घ्या. या एका सवयीने किती फेऱ्या वाचतात!

पॅकेट कोणकोणत्या हातांतून जातं

क्रॅशची ओळ वाचायची तर कोणतं मॉड्यूल कशासाठी आहे हे माहीत हवं. सगळ्यात खाली रेडिओचा ड्रायव्हर. एटी८६आरएफ२३३ सारख्या चिपसाठी एटी८६आरएफ२३० हे मॉड्यूल. तो एसपीआय तारांवरून चिपशी बोलतो. त्याच्यावर मॅक८०२१५४, जो फ्रेम बांधतो आणि पोचपावतीचं बघतो. त्यावर आयईईई८०२१५४, जिथे इंटरफेस आणि सेटिंग सांभाळली जातात. त्यावर आयईईई८०२१५४_६लोपॅन, आणि सगळ्यात वर नेहमीचं आयपीव्ही६.

सगळ्यात जास्त कसरत चालते ती ६लोपॅनमध्ये. आयपीव्ही६ चा नियम असा की प्रत्येक लिंकने किमान १२८० बाइटचं पॅकेट वाहून नेलंच पाहिजे. ८०२.१५.४ ची फ्रेम मात्र १२७ बाइटची. त्यातले जास्तीत जास्त २५ बाइट मॅकच्या हेडरला गेले तर १०२ उरतात. लिंकवरची सुरक्षा पूर्ण लावली तर आणखी २१ जातात आणि हातात ८१ उरतात. आयपीव्ही६ चं हेडर एकट्याने ४० बाइट खातं. म्हणून हेडर दाबायचं, पॅकेटचे तुकडे करायचे, पलीकडे ते पुन्हा जोडायचे. २००७ च्या आरएफसी ४९४४ ने तुकड्यांची पद्धत ठरवली आणि २०११ च्या आरएफसी ६२८२ ने हेडर दाबण्याची. हेडर दाबताना, वाढवताना, तुकडे जोडताना पॅकेटच्या मेमरीची सतत ओढाताण होते. क्रॅशही तिथेच जास्त भेटतात.

सापळा आधी लावा

पहिला आणि सगळ्यात भरवशाचा मार्ग सीरियल कन्सोल. यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या, ३.३ व्होल्टचाच, ५ व्होल्टचा लावला तर बोर्डाची पिन जळेल. रास्पबेरी पायवर ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ नंबरवरून बोर्ड बोलतो, १० नंबरवर ऐकतो. कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल_यूएआरटी=१ लिहा आणि कर्नलच्या कमांडलाइनमध्ये कन्सोल=सीरियल०,११५२०० ठेवा. सोबत इग्नोर_लॉगलेव्हल लिहा, म्हणजे कर्नल कोणतीही ओळ गाळणार नाही. दुसऱ्या टोकाला जुना लॅपटॉप किंवा दुसरा छोटा बोर्ड ठेवा, जो आलेली प्रत्येक ओळ वेळेसकट फाइलमध्ये लिहील. लॅपटॉप शेतात ठेवणं शक्य नसतं, हे खरं. मग बोर्ड घरी आणून त्याच सेटिंगवर चालवा, किंवा पुढचा मार्ग धरा.

पुढचा मार्ग रॅमूप्स. रॅमचा एक छोटा तुकडा बाजूला काढून ठेवायचा. कर्नल मरताना शेवटच्या ओळी तिथे लिहितो आणि पुढच्या बूटला त्या फाइल म्हणून समोर येतात. रास्पबेरी पायवर यासाठी रॅमूप्स नावाचा तयार ओव्हरले (कॉन्फिग फाइलमधून चालू करायचं सेटिंग) आहे, पाय ४ साठी रॅमूप्स-पाय४ असा वेगळा. बूट झाल्यावर एसवायएस/एफएस/पीस्टोअर या फोल्डरमध्ये डीमेसेज-रॅमूप्स-० अशी फाइल दिसते. ती तिथे दिसली नाही तर व्हार/लिब/सिस्टिमडी/पीस्टोअर मध्ये बघा. बऱ्याच ठिकाणी सिस्टिमडी ती तिकडे हलवतो.

आता मराठवाड्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायची गोष्ट: रॅमूप्स रॅममध्ये आहे. प्लग काढला किंवा लाईट गेली की सगळं गेलं. वीज न जाता झालेल्या रीबूटमध्येच ते टिकतं. म्हणजे दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, बोर्ड बॅटरीवर ठेवा. दोन, पॅनिक झाल्यावर बोर्डाने स्वतःच रीबूट व्हायला हवं, कोणी येऊन प्लग काढायच्या आत. त्यासाठी सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) कर्नल.पॅनिक=१० ठेवा; पॅनिकनंतर १० सेकंदांनी तो स्वतः उठेल. कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स=१ ठेवा, म्हणजे तो अर्धमेल्या अवस्थेत लोंबकळत राहणार नाही. हँगसाठी सॉफ्टलॉकअप_पॅनिक आणि हंग_टास्क_पॅनिक हे दोन्ही १ करा. हँगचंही पॅनिक होईल आणि ओळी रॅमूप्समध्ये जातील. आणि डब्यावर जाड अक्षरांत चिकटवा: "बंद दिसला तरी प्लग काढू नका, आधी फोन करा." शेतमालकाला, गड्याला हे समजावून सांगा, का ते सांगितलं की माणसं नक्की पाळतात.

सापळा लावला की तो चालतो का ते तपासा. सिसरिक्यू (कर्नलला थेट हुकूम देण्याची सोय) चालू करून प्रॉक/सिसरिक्यू-ट्रिगरमध्ये सी हे अक्षर लिहिलं की कर्नल मुद्दाम क्रॅश होतो. परत उठल्यावर फाइल सापडली तरच शेतात न्या. ही चाचणी टाळणारे पुष्कळ भेटतात आणि खरा क्रॅश होतो तेव्हा त्यांच्या हाती रिकामं फोल्डर येतं.

जर्नल (सिस्टिमडीचा लॉग) कायमस्वरूपी साठवायचं सेटिंगही करा, पण त्यावर विसंबू नका. साध्या ओळी डिस्कवर पक्क्या करायला जर्नल पाच मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतं. अचानक मेलेल्या कर्नलच्या शेवटच्या ओळी त्यात क्वचितच सापडतात. उपयोग आहे तो क्रॅशच्या आधीच्या तासाभरात काय घडत होतं ते बघायला. नेटकन्सोल हा आणखी एक मार्ग, इथरनेटवरून यूडीपीने ओळी पाठवणारा. पण आपला क्रॅश नेटवर्कच्याच कोडमध्ये असल्यामुळे तो ऐन वेळी गप्प बसू शकतो. सीरियल शक्य असेल तर तेच घ्या.

मशीन पूर्ण हँग आहे आणि सीरियल लावलेलं आहे, अशा वेळी टर्मिनलवरून ब्रेक पाठवून डब्ल्यू दाबा: अडकलेल्या धाग्यांची यादी येते. एल दाबला तर प्रत्येक सीपीयू आत्ता कुठे आहे ते दिसतं. मग रीबूट करा.

ऊप्स वाचताना

समजा हाती अशा ओळी आल्या (नमुना म्हणून घ्या, आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतील):

अनेबल टू हँडल कर्नल नल पॉइंटर डिरेफरन्स ॲट व्हर्च्युअल ॲड्रेस ००००००००००००००२८
इंटरनल एरर: ऊप्स [#१]
सीपीयू: २ पीआयडी: ० कॉम: स्वॅपर/२ टेंटेड: जी डब्ल्यू ओ
पीसी : लोपॅन_एक्समिट+०एक्स१सी४/०एक्स५ए० [आयईईई८०२१५४_६लोपॅन]

पहिल्या ओळीत पत्ता २८ आहे, पूर्ण शून्य नाही. याचा अर्थ कोणीतरी एका स्ट्रक्चरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घेतला, तो नल म्हणजे रिकामा होता, आणि त्या स्ट्रक्चरमधलं २८ हेक्स अंतरावरचं खातं वाचायला गेला. हा आकडा जपा; कोणत्या स्ट्रक्चरच्या त्या अंतरावर काय आहे ते नंतर पॅहोल या साधनाने काढता येतं आणि नल कोण होतं हे त्यावरून कळतं.

#१ म्हणजे बूटनंतरचा पहिला ऊप्स. नेहमी पहिलाच वाचा. #२, #३ हे बहुतेक वेळा पहिल्याने केलेल्या पडझडीचे परिणाम असतात. स्क्रीनचा फोटो काढून पाठवला जातो तेव्हा त्यात नेमका शेवटचा असतो, आणि त्यावर डोकं खपवण्यात काही अर्थ नसतो.

कॉमपुढचं नाव गुन्हेगाराचं नसतं. त्या क्षणी त्या सीपीयूवर जे चालू होतं त्याचं नाव तिथे येतं. स्वॅपर म्हणजे सीपीयू रिकामा होता, मध्येच इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा) किंवा त्याचं उरलेलं काम करणारा सॉफ्टआयआरक्यू आला आणि काम त्यात फसलं.

टेंटेडमधली अक्षरं बघा. ओ म्हणजे कर्नलच्या मुख्य झाडाबाहेरचं मॉड्यूल लोड आहे. रेडिओचा ड्रायव्हर विक्रेत्याने दिलेला असेल तर संशय आधी त्याच्यावर. डब्ल्यू म्हणजे याच्या आधी एक वॉर्निंग येऊन गेलेली आहे. लॉगमध्ये मागे जाऊन ती शोधाच. खरी गडबड अनेकदा त्या वॉर्निंगमध्येच लिहिलेली असते.

पीसीच्या ओळीत फंक्शन, त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, फंक्शनची एकूण लांबी आणि चौकटी कंसात मॉड्यूलचं नाव. खालचा कॉल ट्रेस खालून वर वाचत या: कोणी कोणाला बोलावलं ही साखळी तिथे आहे. पॅकेट पाठवताना पडला की घेताना, हे साखळीत एक्समिट आहे की आरएक्स यावरून लगेच कळतं.

पत्ता कधी नलजवळचा नसतो, विचित्र असतो. ६बी६बी६बी६बी असं काही दिसलं तर मोकळी करून झालेली मेमरी कोणीतरी वापरली. कर्नल तपासणीच्या मोडमध्ये असताना मोकळ्या मेमरीत ६बी भरून ठेवतो. डीईएडी ने सुरू होऊन १०० किंवा १२२ ने संपणारा पत्ता असेल तर यादीतून काढून टाकलेल्या नोंदीला पुन्हा हात लागला आहे. ६बी ची खूण मिळण्यासाठी कर्नल नव्याने बांधायची गरज बहुधा पडत नाही; कमांडलाइनमध्ये स्लब_डीबग=एफझेडपीयू लिहून बूट केलं की पुरतं. बोर्ड थोडा मंद होईल, चालेल.

ओळीवरून फाइलपर्यंत

फंक्शन आणि अंतर मिळालं की कोडमधली नेमकी ओळ काढता येते. त्यासाठी डीबग माहितीसकट बांधलेली व्हीएमलिनक्स फाइल हवी, आणि ती क्रॅश झालेल्या कर्नलचीच हवी. दुसऱ्या बिल्डची चालत नाही, अंतरं सरकतात. सरळ मार्ग असा: रास्पबेरी पायवर मॉडप्रोब कॉन्फिग्ज दिलं की प्रॉक फोल्डरमध्ये चालू कर्नलचं कॉन्फिग मिळतं, त्यावरून, डीबग इन्फो चालू करून, स्वतः कर्नल बांधा, बोर्डावर तोच बसवा, आणि पुढच्या क्रॅशची वाट बघा. बांधायचं काम लॅपटॉपवर क्रॉस कंपायलरने करा, पायवर केलं तर दिवस मोडतो.

मग कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या डीकोड_स्टॅकट्रेस या स्क्रिप्टला व्हीएमलिनक्स, मॉड्यूलांचा फोल्डर आणि पकडलेला लॉग द्या. प्रत्येक ओळीपुढे फाइल आणि ओळ क्रमांक छापून येतो. एखादंच फंक्शन बघायचं असेल तर एफॲडर२लाइन.

नेहमी भेटणारे प्रकार

पॅकेटला जागा कमी पडणे. लॉगमध्ये एसकेबी_अंडर_पॅनिक असं लिहून येतं, पुढे लेन, पुट, हेड, डेटा, टेल, एंड हे आकडे आणि शेवटी डिव्हाइसचं नाव. पॅकेटच्या पुढे हेडर लिहायला राखून ठेवलेली जागा संपली आणि कोडने तरी पुढे ढकललं, असा याचा अर्थ. डेटाचा पत्ता हेडपेक्षा लहान दिसेल, तोच पुरावा. बॉर्डर राउटरवर हे का घडतं? दुसऱ्या इंटरफेसवरून आलेल्या पॅकेटची जागा त्या इंटरफेसच्या मापाने राखलेली असते, आणि जाताना त्याला ८०२.१५.४ चं वेगळं हेडर लागतं. कर्नलच्या ६लोपॅन कोडमध्ये तुकडे न होणाऱ्या एकेरी फ्रेमसाठी अशी जागा नीट तपासून घेण्याची दुरुस्ती २०१८ मध्ये झाली. विक्रेत्याच्या बोर्डासोबत आलेला कर्नल त्याआधीचा असेल तर पहिला उपाय नवा कर्नल. स्वतः ड्रायव्हर लिहीत असाल तर हेडर ढकलण्याआधी एसकेबी_काऊ_हेड वापरायची शिस्त ठेवा.

"शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक". स्वतः लिहिलेल्या किंवा विक्रेत्याच्या ड्रायव्हरमध्ये ही चूक सर्रास आढळते. पॅकेट पाठवण्याच्या मार्गावर अनेकदा झोपायला (सीपीयू सोडून थांबायला) परवानगी नसते, पण एसपीआय_सिंक हे फंक्शन चिपचं उत्तर येईपर्यंत झोपतं. मॅक८०२१५४ मध्ये यासाठी दोन वेगळे मार्ग आहेत: एक्समिट_असिंक आणि एक्समिट_सिंक. असिंकच्या आत एसपीआय_सिंक आलं की गडबड झालीच समजा. एसपीआय_असिंक वापरा. बांधताना डीबग_ॲटॉमिक_स्लीप हा पर्याय चालू ठेवला तर ही चूक टेबलावरच पकडली जाते.

इंटरफेस बंद करताना क्रॅश. नोड बोलत असताना लोपॅन० (६लोपॅनचा इंटरफेस) खाली आणला, किंवा ड्रायव्हर अनलोड केला, की कधी मागे राहिलेला टायमर किंवा अर्धवट तुकड्यांची रांग मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावते. तुकडे जोडण्यासाठी ६० सेकंदांपर्यंत थांबलं जातं, त्यामुळे बंद केल्यावर मिनिटभराने क्रॅश झाला तर इथे बघा. याला केसॅन, म्हणजे कर्नलमधला मेमरीचा तपासनीस, हेच खरं औषध. केसॅन चालू करून कर्नल बांधला की तो मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली आणि नंतर कोणी वापरली, तिन्ही साखळ्या छापतो. मेमरी जास्त लागते, वेग उतरतो. म्हणून हे चाचणीच्या मशीनवर.

सुरक्षेच्या सेटिंगमधले नल पॉइंटर. २०२१ मध्ये ८०२.१५.४ च्या लिंक सुरक्षेच्या कोडमध्ये अशा बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. मॉनिटर प्रकारच्या इंटरफेसवर सुरक्षेची कमांड दिली तरी कर्नल कोसळायचा. कर्नल जुना असेल आणि साखळीत एलएलसेक दिसत असेल तर आधी अपडेट करा, वेळ घालवू नका.

"आयआरक्यू: नोबडी केअर्ड". हा क्रॅश नाही, पण रेडिओ मरतो आणि तक्रार तशीच येते. इंटरप्टच्या पिनवर सतत खोटे इशारे आले की कर्नल ती ओळच बंद करतो. रास्पबेरी पायच्या एटी८६आरएफ२३३ ओव्हरलेमध्ये इंटरप्टसाठी मुळात जीपीआयओ २३, रीसेटला २४, स्लीपला २५ धरलेला असतो. तुमची जोडणी तशीच आहे का ते तपासा. लांब जंपर तारा काढा, ग्राउंड पक्का करा, एसपीआयचा वेग ३० लाख हर्ट्झवरून निम्म्यावर आणून बघा. मोटारीच्या खोलीत लोंबत्या तारा ठेवू नयेत, सोल्डर करा.

घरी बसून तोच क्रॅश पुन्हा घडवा

अंबडच्या मळ्यात जाऊन वाट बघत बसण्यापेक्षा टेबलावर तोच क्रॅश घडवता आला तर काम दहापट सोपं होतं. कर्नलमध्ये मॅक८०२१५४_एचडब्ल्यूसिम नावाचं मॉड्यूल आहे, ४.१९ पासून. ते लोड केलं की कोणत्याही हार्डवेअरशिवाय दोन खोटे रेडिओ तयार होतात. लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हे करा, म्हणजे क्रॅश झाला तरी नुकसान नाही.

क्रम असा. एचडब्ल्यूसिम लोड करा. दोन वेगळी नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधली, एकमेकांपासून तोडलेली नेटवर्क) बनवा आणि आयडब्ल्यूपॅनच्या सेट नेटएनएस कमांडने एकेक रेडिओ एकेकीत टाका. ही पायरी गाळू नका: दोन्ही एकाच नेमस्पेसमध्ये राहिले तर पिंग आतल्या आत परत येतं, रेडिओच्या कोडला स्पर्शच होत नाही, आणि तुम्हाला वाटतं की सगळं ठीक आहे. मग इंटरफेस खाली असतानाच दोन्हीकडे एकच पॅन आयडी द्या. आयपी लिंक ॲड ने डब्ल्यूपॅनवर लोपॅन प्रकारचा इंटरफेस चढवा, दोन्ही वर आणा, लिंक-लोकल पत्त्यावर पिंग करा.

पिंग लागलं की छळ सुरू करा. पेलोडचा आकार एकेका बाइटने वाढवत न्या. एका फ्रेममध्ये मावणारं पॅकेट जिथे दोन तुकड्यांत जातं तो ५० ते ११० बाइटचा पट्टा सावकाश, एकही आकार न सोडता चालवा. वरची मर्यादा १२३२ बाइट, कारण १२८० मधून आयपीव्ही६ चे ४० आणि पिंगच्या हेडरचे ८ जातात. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाठवा. पिंग चालू असतानाच इंटरफेस खाली-वर करत राहा. शेतातली वाट तिसऱ्या इंटरफेसवरून येत असेल तर तीही उभी करा, कारण जागा कमी पडण्याचा प्रकार फॉरवर्ड केलेल्या पॅकेटवर दिसू शकतो. या कर्नलमध्ये केसॅन आणि लॉकडेप (कुलपांच्या चुका पकडणारा) दोन्ही चालू ठेवा.

इथे क्रॅश आला तर दोष ६लोपॅन किंवा मॅकमध्ये आहे. कितीही छळलं तरी आला नाही तर संशय ड्रायव्हर, तारा आणि विजेकडे वळवा. अशा वेळी शेतात दुसरा रेडिओ मॉनिटर प्रकारात ठेवून हवेतली पॅकेट वेगळ्या बोर्डावर पकडत राहा. क्रॅशच्या आधीचं शेवटचं पॅकेट वायरशार्कमध्ये उघडलं की बरंच काही उलगडतं.

कधीपासून बिघडलं

जुन्या कर्नलवर नीट चालायचं आणि नव्यावर पडतं, असं असेल तर तर्क लढवण्यापेक्षा गिट बायसेक्ट करा. चांगला आणि वाईट असे दोन टोकाचे कर्नल सांगितले की ते मधला निवडून देतं. तपासायचा, चांगला-वाईट सांगायचा. हजार बदलांमधून दहा फेऱ्यांत दोषी बदल सापडतो. घरी क्रॅश घडवता येत असेल तरच हे परवडतं, म्हणून मागच्या विभागावर जोर.

कळवताना काय द्याल: पूर्ण कर्नल आवृत्ती, कॉन्फिग, पहिला ऊप्स डीकोड करून आणि मूळही, बोर्ड आणि रेडिओ चिप, क्रॅश घडवण्याची पायरीवार कृती, आणि बायसेक्टचा निकाल असेल तर तो. कोणाला कळवायचं ते गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट फाइलच्या नावावरून सांगते. विक्रेत्याचा बदललेला कर्नल असेल तर आधी मूळ कर्नलवर तोच प्रश्न येतो का ते बघून मगच कळवा. नाहीतर पहिलं उत्तर तेच मागणारं येईल. परभणीच्या, संभाजीनगरच्या, नांदेडच्या मुलामुलींनी प्रोजेक्टसाठी अशी एक तरी नीट तक्रार लिहावी असं मला मनापासून वाटतं. चांगल्या लॉगची किंमत जगात कुठेही सारखीच आहे.

दुरुस्ती होईपर्यंत शेत चालू ठेवा

मूळ कारण सापडेपर्यंत पाणी द्यायचं थांबत नाही. हार्डवेअर वॉचडॉग (बोर्ड गोठला की त्याला रीसेट करणारा टायमर) चालू करा: डीटीपॅराम=वॉचडॉग=ऑन, आणि सिस्टिमडीमध्ये रनटाइमवॉचडॉगसेक १५ च्या आत, कारण पायचा वॉचडॉग साधारण १५ सेकंदांपलीकडे मोजत नाही. वॉचडॉग १० सेकंदांवर ठेवलात तर कर्नल.पॅनिक त्याहून कमी, ५ करा, म्हणजे पॅनिकनंतरचं रीबूट कर्नल स्वतः करेल. हंग टास्कची तपासणी मुळात १२० सेकंद थांबते, ती ६० वर आणा. नोडच्या फर्मवेअरमध्ये, बॉर्डर राउटर गायब झाला तर पुन्हा जोडणीच्या दोन प्रयत्नांमधला वेळ वाढवत न्या; सगळे नोड एकदम ओरडायला लागले तर बॅटरी संपते आणि नुकताच उठलेला राउटर पुन्हा दबतो. व्हॉल्व्ह याच जाळ्यावरून चालत असेल तर राउटरचा आवाज न आल्यास तो ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होईल अशी सोय नोडमध्येच ठेवा. काळ्या रानात रात्रभर पाणी सुटून राहिलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि मोसंबीला डिंक्या धरतो.

नवा कर्नल किंवा पॅच बसवल्यावर आधी टेबलावर तोच छळ केसॅनसकट चालवा, मग एकाच शेतात लावा, आणि ऑटोवरच्या मोटारी उठण्याच्या वेळा त्यात येऊ द्या. रॅमूप्स, सीरियलची पिन आणि डब्यावरची चिठ्ठी मात्र काढू नका.